ओळखीच्या गिऱ्हाइकाचे भाडे

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ईबे या ऑनलाइन बाजाराने आपल्याच नावाची जाहिरात काही ठिकाणी बंद करून पाहिली. तोवर याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनात कुणी 'ईबे' हा शब्द टाकला, की निकालांच्या डोक्यावर ईबेचीच जाहिरात दिसायची आणि तिच्यावर पडणाऱ्या प्रत्येक क्लिकचे पैसे ईबे मोजायची. जाहिरात काढल्यावर गिऱ्हाईक घटले का? थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला, तेव्हा जाहिरातीवरून येणाऱ्यांपैकी ९९.५ टक्के वर्दळ लगेच खालच्या फुकट दुव्यावरून येऊ लागलेली दिसली. मग आणखी मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या काही भागांत गूगलवरच्या, ईबेचे नाव नसलेल्या शब्दांच्या जाहिरातीही थांबवल्या आणि तिथली विक्री बाकीच्या भागांशी ताडून पाहिली. एकूण फरक नगण्य निघाला. पण या सगळ्यातला खरा कामाचा निष्कर्ष पुढेच आहे. ज्यांनी ईबेवर कधीच किंवा क्वचित खरेदी केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर तो झाला नाही, आणि जाहिरातीचा बहुतेक खर्च मात्र या नेहमीच्यांवरच होत होता. या प्रयोगांवरचा त्यांचा निबंध २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात आला.

ऑनलाइन विक्रीविषयी जी पुस्तके आणि व्हिडिओ निघतात त्यांत सहसा युक्त्या असतात: रील किती सेकंदांचे असावे, पोस्ट किती वाजता टाकावी, हॅशटॅग किती लावावेत. या युक्त्या दोन वर्षांत शिळ्या होतात, कारण ज्या यंत्रणेसाठी त्या बेतलेल्या असतात ती यंत्रणाच बदलते. ईबेच्या प्रयोगाने दाखवलेला भेद मात्र शिळा होत नाही. विक्रेत्याची दोन कामे असतात. एक, अनोळखी माणसाशी ओळख करून घेणे. दुसरे, ओळख झालेल्या माणसाला पुन्हा गाठणे. पहिल्या कामाला पैसे पडतात आणि पडावेतही, कारण कुणीतरी आपल्याला नव्या माणसासमोर उभे करत असते. दुसरे काम पूर्वी जवळजवळ फुकट व्हायचे. वाण्याच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि उधारी तिन्ही असायचे. वेब आणि समाजमाध्यमांच्या गेल्या तीस वर्षांच्या इतिहासात या दुसऱ्या कामालाही हळूहळू भाडे लागले. माझ्या मते ऑनलाइन विक्रीत झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

हे कुणी कट करून घडवले असे नाही. वेबवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर झळकली. ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. ती कोण पाहतो आहे हे ना कंपनीला कळत होते, ना संकेतस्थळाला. त्याच वर्षी नेटस्केपच्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने कुकी नावाची सोय तयार केली. अडचण साधी होती. वेबला स्मरणशक्ती नव्हती. दुकानाच्या एका पानावर वस्तू निवडून गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर गेले, की सर्व्हरला तो नवाच माणूस वाटायचा. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, तीवर गिऱ्हाइकाचा क्रमांक. दुकान ती चिठ्ठी वाचून ओळखायचे, की हाच तो, मघाशी याने चपला निवडल्या. म्हणजे मुळात कुकी ही दुकानाने आपल्या गिऱ्हाइकाला ओळखण्याचीच सोय होती. पण पानावरचे चित्र दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल, तर त्या कंपनीलाही स्वतःची चिठ्ठी ठेवता येते. हजार संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीची चित्रे असली, की ती एकच चिठ्ठी हजार ठिकाणी वाचली जाते. डबलक्लिकसारख्या कंपन्या यावर उभ्या राहिल्या, आणि २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला.

याचा परिणाम आपण सगळे रोज पाहतो. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर चपला पाहिल्या आणि न घेता बाहेर पडलो, की त्या चपला बातम्यांच्या पानावर, क्रिकेटच्या धावफलकाखाली, पाककृतीच्या शेजारी आठवडाभर दिसत राहतात. या पाठलागाला लोक वैतागतात, आणि खासगीपणाची चर्चा तिथूनच सुरू होते. विक्रेत्याच्या बाजूने मात्र कुणी फारसे पाहत नाही. आपल्याच दुकानात येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा दिसण्यासाठी दुकानदार तिसऱ्याला पैसे देतो आहे, आणि त्या माणसाने शेवटी चपला घेतल्याच, तर श्रेय जाहिरातीच्या खात्यात जमा होते. तो तसाही परत येणार होता का, हे कुणी विचारत नाही. ईबेने विचारले, म्हणून तो प्रयोग मोलाचा.

समाजमाध्यमांनी हेच जास्त सफाईने केले. फेसबुकने नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी पेजेस सुरू केली. आवाहन असे होते की पान उघडा, लोकांना जोडा, मग त्यांच्याशी थेट बोला. जगभरच्या दुकानदारांनी आपल्या दारावर, बिलावर, पिशवीवर 'आम्हाला फेसबुकवर लाईक करा' असे छापले. म्हणजे स्वतःच्या खर्चाने स्वतःची गिऱ्हाइके फेसबुकच्या वहीत नोंदवून दिली. २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितले की पानावरची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोचते. ओगिल्वी या जाहिरात संस्थेने शंभराहून अधिक पानांचा अभ्यास केला, त्यात फेब्रुवारी २०१४ पर्यंत हा आकडा सहा टक्क्यांवर आलेला होता, आणि पाच लाखांहून अधिक चाहते असलेल्या पानांचा तर दोन टक्क्यांच्या आसपास. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्गने जाहीर केले की यापुढे नातलग आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य राहील. पोस्टखाली निळे 'बूस्ट' बटण होतेच. ज्याने आपणहून 'मला यांचे ऐकायचे आहे' असे सांगितले, त्याच्यापर्यंत जायला पैसे भरा, असा या बटणाचा सरळ अर्थ आहे.

यावर फेसबुकचे उत्तर होते आणि ते पोकळ नव्हते. कंपनीने जून २०१४ मध्ये सांगितले की एखादा माणूस फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी पंधराशे गोष्टी तयार असतात, आणि त्यातल्या तीनशेच्या आसपास त्याच्यासमोर मांडल्या जातात. सगळेच दाखवले तर कुणीच काही वाचणार नाही. निवड करावीच लागते, आणि ती माणसाच्या आवडीनुसार केलेली बरी. हे पटण्यासारखे आहे. मात्र निवड जर फक्त वाचकाच्या हिताची असेल, तर पैसे भरल्यावर तीच नावडती पोस्ट वर कशी येते? चाळणी वाचकासाठी असेल. तिच्यातली फट पैसेवाल्यासाठी आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या उत्पन्नात जाहिरातीचा वाटा ९५ टक्क्यांहून जास्त असल्यामुळे या फटीची रुंदी कोण ठरवते याविषयी भोळे राहण्याचे कारण नाही.

आता हे कोकणात कसे दिसते ते पाहू, कारण आंब्याचा धंदा या मुद्द्याची कसोटी लावायला फार सोयीचा आहे. हापूसचा बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात पाठवत आला. फळ कुणी खाल्ले, त्याला आवडले की नाही, पुढच्या वर्षी तो घेईल का, यातले काही त्याला कळत नसे. पट्टी येई, तीत भाव आणि वजावट. गिऱ्हाईक अडत्याचे होते, बागायतदाराचे नव्हते. २०१६ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, आणि सप्टेंबरात जिओ आले, म्हणून मोबाईल डेटा कवडीमोल झाला. बागेतून थेट घरपोच पेटी हा धंदा त्याआधीही होता, पण तो फोफावला या काळात, आणि २०२० च्या टाळेबंदीत बाजारच अडला तेव्हा तर अनेकांना दुसरा मार्गच उरला नाही. फेसबुकवर मोहोराचे फोटो, इन्स्टाग्रामवर अढी उघडतानाचे रील, खाली 'भाव इनबॉक्स केला आहे'. पुण्यातल्या, ठाण्यातल्या, नागपुरातल्या अनोळखी माणसाला रत्नागिरीतल्या एका बागेची ओळख होते. हे काम अडत्याने कधीच केले नसते. या ओळखीसाठी हंगामाच्या तोंडावर चार पैसे जाहिरातीला घातले, तर ते वाजवी आहेत.

प्रश्न पुढच्या मार्चचा. आंबा वर्षातून एकदाच येतो. मे संपला की गिऱ्हाईक दहा महिने गप्प. या दहा महिन्यांत फेसबुक पानावरून बागेतल्या खतपाण्याचे फोटो पडत राहिले तरी ते त्याच्यासमोर येतीलच असे नाही. अल्गोरिदमला त्याने मध्यंतरी आंब्यात रस दाखवल्याची खूण मिळत नाही. हंगाम आला, की गेल्या वर्षी दोन पेट्या आनंदाने घेतलेल्या त्याच माणसाला गाठायला बागायतदार पुन्हा जाहिरात लावतो, आणि ज्या लिलावात ती जाहिरात उतरते त्यात तेव्हाच इतर सगळे आंबेवालेही उतरलेले असतात, म्हणून दर चढलेला असतो. तो माणूस मग कुणाचेही पहिले रील पाहून पेटी मागवतो. 'हापूस' या नावाला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण फोनच्या पडद्यावर फळाचा वास येत नाही आणि मानांकनाची शहानिशा कुणी करत बसत नाही. अडत्याच्या जागी दुसरा अडत्या आला, एवढेच झाले.

ज्या बागायतदारांना हे उमगले ते काय करतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पेटीत वर एक कागद असतो, त्यावर आंबा पिकवायच्या सूचना आणि शेवटची ओळ: आमचा नंबर सेव्ह करून ठेवा. ही ओळ आर्जवाची वाटते, पण ती तांत्रिक गरज आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसे बसतात, आणि तिच्यातून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये नोंदवलेला आहे. म्हणजे इथे परवानगी गिऱ्हाइकाच्या हातात आहे आणि ती त्याने स्वतः दिलेली आहे. मार्चअखेरीस 'पहिली तोडणी येत्या आठवड्यात' असा एक निरोप गेला, की जुन्यांच्या मागण्या सुरू होतात. त्याला ना बूस्ट लागते, ना रील. ज्याच्याकडे अशी चारशे घरे आहेत त्याला जाहिरात हवी ती नव्यांपुरती.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो: व्हॉट्सअ‍ॅपही मेटाचेच. खरे आहे, आणि तिथेही भाडे सुरू झालेले आहे. मोठ्या व्यवसायांसाठीच्या व्यवस्थेत प्रचाराच्या निरोपांना पैसे पडतात, जुलै २०२५ पासून ते प्रत्येक निरोपामागे मोजले जातात, आणि जून २०२५ मध्ये मेटाने स्टेटसमध्ये जाहिराती आणण्याची घोषणा केली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा तिन्हींवर दुकान मांडलेल्यांचे सगळेच दार बंद झाले. म्हणून यादी कुठल्या अ‍ॅपमध्ये दिसते यापेक्षा ती उचलून दुसरीकडे नेता येते का, हा प्रश्न महत्त्वाचा. फोन नंबर नेता येतो. व्हॉट्सअ‍ॅप महाग झाले तर एसएमएस आहे, साधा फोन आहे, उद्या येईल ते दुसरे अ‍ॅप आहे. ईमेलचा पत्ता नेता येतो. फॉलोअर नेता येत नाही. याचा पुरावा महाराष्ट्राने २९ जून २०२० च्या रात्री पाहिला. केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉकचे देशात वीस कोटींच्या घरात वापरकर्ते होते, आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी मराठी मुले-मुली तिथे लाखोंची चाहती मंडळी जमवून बसली होती. बंदीच्या कारणांशी त्यांचा काही संबंध नव्हता. इन्स्टाग्रामने दहा दिवसांच्या आत, ८ जुलैला, भारतात रील्स आणले; पण जुन्या चाहत्यांतला एकही आपोआप इकडे आला नाही. मोजणी शून्यापासून.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जाहिरातीचा नेम इतका अचूक झाला आहे, की लहान विक्रेत्याला नेमके हवे ते गिऱ्हाईक मिळते. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर 'या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का' असा प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि हा नेम बिघडला, तेव्हा मेटाने २०२२ या वर्षात सुमारे एक हजार कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज दिला. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी तिच्या शेअरचा भाव एका दिवसात २६ टक्क्यांनी कोसळला. जाहिरातीचा उपयोगच नसता तर हे घडले असते का? नसते. मी उपयोग नाकारत नाही. ज्या छोट्या ब्रँडांना रोज नवे गिऱ्हाईक शोधायचे होते त्यांना या बदलाची झळ खरोखर बसली, आणि ते ईबेच्या निष्कर्षाशी जुळतेच: अनोळखी माणसावर जाहिरात चालते. पण अ‍ॅपलच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट हिरावली, ती म्हणजे श्रेय घेण्याची सोय. कोणती विक्री कोणत्या जाहिरातीमुळे झाली हे दाखवता येईनासे झाले. ज्याने माल विकायला मदत केली आणि ज्याने विकला गेल्याची पावती फाडली, हे दोघे जाहिरातीच्या डॅशबोर्डवर एकच दिसत होते. मोठ्या कंपन्यांतही हा गोंधळ आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत डिजिटल जाहिरातीत दहा कोटी डॉलरहून अधिक कपात केली, आणि विक्रीवर फारसा परिणाम झाला नसल्याचे सांगितले. अर्थात टाइडसारख्या घरोघरी माहीत असलेल्या मालाला हे परवडते. काल सुरू झालेल्या लोणच्याच्या धंद्याने त्याची नक्कल करू नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. विक्रेत्यांच्या हाती याद्या दिल्या की ते काय करतात हे आपण पाहिलेले आहे. एसएमएस हे कुणाच्याही मालकीचे नसलेले, मोकळे साधन होते. कर्जे, भूखंड आणि क्लासवाल्यांनी त्याची अशी वाट लावली, की ट्राय या दूरसंचार नियामकाला २०१८ मध्ये व्यावसायिक संदेशांसाठी नोंदणीची सगळी व्यवस्था उभारावी लागली. आज माणूस एसएमएस उघडतो तो ओटीपीसाठी. तेव्हा प्लॅटफॉर्मची चाळणी ही गिऱ्हाइकाची गरजही आहे. हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. जी यादी विकत आणली, सोसायटीच्या रजिस्टरमधून उतरवली किंवा लकी ड्रॉच्या नावाखाली गोळा केली ती इथे 'ओळख' म्हणून धरलेलीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे, आणि गूगल व याहूने फेब्रुवारी २०२४ पासून गठ्ठ्याने ईमेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढण्याची सोय देणे बंधनकारक केले. ही बंधने प्रामाणिक विक्रेत्याच्या आड येत नाहीत. ज्याला लोकांनी आपणहून नंबर दिला त्याच्या निरोपाला गर्दी कमी झाल्याने उलट किंमत येते.

उरला नव्या तंत्राचा प्रश्न. सर्च इंजिन ही आजवर ओळख करून देणारी सर्वांत स्वस्त जागा होती: चांगला मजकूर लिहा, कुणीतरी शोधत येईल. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले आयते उत्तर द्यायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते भारतातही आले. प्यू रिसर्च सेंटरने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे उत्तर दिसले तिथे ८ टक्के वेळाच लोकांनी खालच्या दुव्यावर क्लिक केलेले आढळले. उत्तर नव्हते तिथे १५ टक्के वेळा. आंबा कसा पिकवावा हे सांगणारे पान लिहून ओळख मिळवण्याचे दिवस सरत आहेत, कारण पान यंत्र वाचेल आणि उत्तर स्वतःच्या नावाने देईल. म्हणजे पहिले कामही महागणार. आणि पहिले काम जितके महाग, तितके एकदा मिळालेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वहीत ठेवून देणे तोट्याचे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची चैन स्वस्त क्लिकच्या काळात परवडत होती.

जे विकतात त्यांनी पुढच्या बूस्टचे पैसे भरण्याआधी एक हिशोब करून पाहावा. गेल्या वर्षी ज्यांनी माल घेतला त्यांची नावे कागदावर काढावीत, आणि त्यातल्या किती जणांना उद्या सकाळी कुणालाही पैसे न देता निरोप पाठवता येईल ते मोजावे. आकडा निम्म्याच्या खाली असेल, तर यंदाचा जाहिरातीचा पैसा रीलवर न घालता त्या कागदावर घालावा: फोन करावा, नंबर घ्यावा, पाठवू का असे विचारावे, आणि नको म्हणेल त्याचे नाव खोडावे.